कंपनी आठ लाख द्यायला तयार, पण आमची संस्था ‘पात्र’ नाही म्हणे. १२ए, ८०जी, सीएसआर-१ वगैरे कोणी नीट समजावेल का?

माणदेशी_मी | ६ सप्टेंबर २०२५, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. विसर्जनाच्या मिरवणुकीतून आत्ताच घरी आलोय, कान अजून वाजतायत, तरी आज हे लिहूनच झोपणार.

माण तालुक्यात (सातारा) आमच्या गावात १९९४ पासून एक वाचनालय आहे. सरकारमान्य नाही, अनुदान नाही, गावातल्या सात जणांनी मिळून संस्था नोंदवलेली. गेली सहा वर्षं त्यालाच जोडून अभ्यासिका चालवतो, पोलीस भरती आणि तलाठीची तयारी करणारी पोरंपोरी येतात, चाळीसेक तर रोजची. जागा ग्रामपंचायतीची, लाईटबिल वर्गणीतून. मी सेक्रेटरी आहे, म्हणजे आधीचे सेक्रेटरी काका गेले आणि फाईल माझ्या हातात आली एवढाच काय तो माझा अधिकार.

तर गावचा एक मुलगा एमआयडीसीत एका कंपनीत एचआरला आहे, त्यानं साहेबांना आणून अभ्यासिका दाखवली. साहेब खूश. सोलर, टेबलं-खुर्च्या, संदर्भपुस्तकं मिळून आठ लाखांपर्यंत सीएसआरमधून (कंपनीनं समाजासाठी करायचा खर्च) बघू म्हणाले. आम्ही पेढे आणायचेच बाकी होते. चार दिवसांनी त्यांच्या ऑफिसातून ईमेल आला, अकरा कागदांची यादी. त्यातले आमच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि पासबुक. १२ए नाही, ८०जी नाही, सीएसआर-१ म्हणजे काय माहीत नाही, दर्पण म्हणजे मला आरसाच वाटला. तीन वर्षांचे ऑडिट आहेत, तालुक्याचे एक सीए दरवर्षी ताळेबंद करून देतात आणि आम्ही तो फाईलला लावतो. तो पुढे कुठे द्यायचा असतो हे परवा कळलं.

दुसरं म्हणजे माझा आतेभाऊ न्यूजर्सीला असतो, तो म्हणतो कंपनीचं राहू दे, मी दोन हजार डॉलर पाठवतो, खाते नंबर दे. देऊ का?

चहाटळ | ७ सप्टेंबर, सकाळी ७:१५

आठ लाखांसाठी अकरा कागद आणि बँका बुडवणाऱ्याला एक सही. सरपंचाला सांगा, ग्रामपंचायतीच्या नावानं घेऊन टाका आणि मोकळे व्हा.

निवृत्त_हेडमास्तर | ७ सप्टेंबर, सकाळी ८:०२

न्यूजर्सीला खाते नंबर आत्ता देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण एवढं मात्र थांबा.

हिशोबनीस | ७ सप्टेंबर, दुपारी १:३०

मी सीए आहे, आमच्या फर्ममध्ये ट्रस्टचं काम बऱ्यापैकी असतं. १२ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट देणारी नोंदणी, ८०जी म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी. एकेक घेतो, पण उलट्या क्रमानं, कारण सगळे ८०जी ८०जी करतात आणि पाया दुसरीकडेच कच्चा असतो.

महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था नोंदवली की तीच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते, म्हणून तुमच्याकडे दोन प्रमाणपत्रं असतील, दुसऱ्यावर एफ नंबर असेल. म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या लेखी तुम्ही ‘विश्वस्त’. संस्थेचे विश्वस्त कोण हे ठरतं परिशिष्ट १ वर, तुमच्या लेटरहेडवर नाही. कार्यकारिणी बदलली, कोणी वारलं, कोणी राजीनामा दिला की ९० दिवसांत कलम २२ चा बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो द्यावा लागतो. तो मंजूर झाला की मग परिशिष्टावर नाव चढतं. माझा एकच प्रश्न: तुमच्या परिशिष्ट १ वर आज कोणाची नावं आहेत? ते बघून सांगा, मग १२एचं बोलू.

माणदेशी_मी | ८ सप्टेंबर, रात्री १०:१८

काकांच्या घरून लोखंडी पेटी आणली. वर झुरळांच्या गोळ्या, खाली १९९९ च्या दिवाळी अंकांच्या पावत्या, त्याखाली प्रोसिडिंग बुक आणि सगळ्यात तळाला परिशिष्ट १ ची पिवळी पडलेली नक्कल. तारीख १९९४. तीच पहिली आणि तीच शेवटची.

सात नावं. त्यातली चार माणसं वारलीयत. आणि मी ही यादी उघडली कधी, तर पितृपक्ष लागला त्या दिवशी.

चहाटळ | ८ सप्टेंबर, रात्री १०:२५

चौघांना या पंधरवड्यात बोलावून सह्या घेऊन टाका, कावळा शिवला की ठराव मंजूर.

हिशोबनीस | ८ सप्टेंबर, रात्री ११:०५

चहाटळ 😀 पण विनोद सोडला तर दहातल्या सहा जुन्या संस्थांचं हेच असतं. संस्था चालू असते, कागदावर मात्र ती नोंदणीच्या दिवशीच थांबलेली असते.

आता असं करा. जे तिघं हयात आहेत त्यांच्या सहीनं सर्वसाधारण सभेची नोटीस काढा. नोटीस किती दिवसांची हे तुमच्या घटनेत लिहिलेलं असेल, त्याप्रमाणेच, एक दिवस कमी नको. सभेत नवं मंडळ निवडा, इतिवृत्त लिहा, हजेरीवर सह्या. मग चेंज रिपोर्ट: गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, नव्यांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र. ९० दिवस कधीच उलटून गेलेत म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज. प्रोसिडिंग बुकात मधल्या काळातल्या निवडणुकांच्या नोंदी आहेत का? असतील तर प्रत्येक बदलाचा वेगळा रिपोर्ट लागेल, साखळी तुटली तर चालत नाही.

आणि ते ताळेबंद. ऑडिट रिपोर्ट वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा, म्हणजे ३१ मार्चचा ३० सप्टेंबरपर्यंत. आता ऑनलाइन भरता येतो. मागचे राहिलेत ते लगोलग भरून टाका.

पायपीट | ९ सप्टेंबर, सकाळी ६:४०

माणदेशी दादा, घटना पण वाचून काढा, खास करून उद्दिष्टं. आमची मेळघाटातली छोटी संस्था, ८०जीला गेलो तेव्हा आमच्या उद्दिष्टांत एक ओळ निघाली, ‘गावात हरिनाम सप्ताह व धार्मिक कार्यक्रम आयोजित करणे’. पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी नमुना घटनेतून उतरवलेली, आम्ही सप्ताह कधी केलाच नाही. पण धार्मिक खर्च एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर गेला तर ८०जी चालत नाही, आणि उद्दिष्टात असली ओळ दिसली की प्रश्न सुरू होतात. मग उद्दिष्ट बदलायचं तर विशेष सभा, पाचपैकी तीन भाग मतं, महिन्याच्या अंतरानं दुसरी सभा आणि तिथेही परत तेवढीच मतं. आमचे सभासद पाच गावांत विखुरलेले. दोन्ही सभांना जीप करून माणसं आणली, डिझेल मी खिशातून घातलं.

माणदेशी_मी | ९ सप्टेंबर, दुपारी २:०१

बापरे. बघितलं आत्ता. आमच्या घटनेत सप्ताह नाही, पण ‘सभासदांसाठी सहली काढणे’ आहे. आणि शेवटी लिहिलंय की संस्था बंद झाली तर शिल्लक मालमत्ता ‘सभासदांत विचारविनिमयाने’ द्यावी. हे काय?

हिशोबनीस | ९ सप्टेंबर, रात्री ९:४४

सहलीचं चालून जाईल पण काढलंत तर बरं. विसर्जनाचं कलम मात्र बदलायलाच हवं. सोसायटी बंद झाली तर मालमत्ता सभासदांना वाटता येतच नाही, तशाच उद्दिष्टाच्या दुसऱ्या संस्थेकडे जायला हवी. कायदा तेच सांगतो, तुमची घटना उलटं सांगते, आणि १२एच्या वेळी हे पहिल्यांदा विचारतात.

आता १२ए. २०२१ पासून सगळी पद्धत बदलली. काम सुरू व्हायचंय अशा नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, फॉर्म १०ए वर. तुमचं काम आधीपासून चालू आहे आणि करसवलत कधी घेतलेली नाही, तेव्हा तुम्ही थेट १०एबी भरा, १२एला एक आणि ८०जीला एक. मिळाली तर पाच वर्षांची. पुढे नूतनीकरणाला १२एचं आता सोपं झालंय, आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत उत्पन्न असेल तर दहा वर्षांची मिळते, हे यंदाच्या बजेटात आलं. वेळ म्हणाल तर अर्ज ज्या तिमाहीत गेला ती तिमाही संपल्यापासून सहा महिन्यांपर्यंत ते घेऊ शकतात. म्हणजे नोव्हेंबरला अर्ज केलात तर जूनअखेर धरा. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे सगळे बदलणार, तेव्हा जुन्या व्हिडिओंवरून फॉर्म भरू नका.

माणदेशी_मी | ९ सप्टेंबर, रात्री ९:५१

जूनअखेर? कंपनी म्हणतेय मार्चच्या आत खर्च झाला पाहिजे. संपलं मग सगळं.

सीएसआरवाली | १० सप्टेंबर, सकाळी ११:२०

संपलं नाहीये हो, थांबा. मी पुण्यात एका कंपनीत याच कामात आहे, रोज आपल्यासारख्यांना तो अकरा कागदांचा ईमेल पाठवणारी बाई मीच समजा.

आधी आम्हाला काय बंधन असतं ते. ५०० कोटी नेटवर्थ किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआर करावा लागतो. तो संस्थेमार्फत करायचा तर संस्थेकडे १२ए, ८०जी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ चा, म्हणजे कंपनी मंत्रालयाकडच्या नोंदणीचा, नंबर हवा. हा नंबर १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. मी मनात आणलं तरी यातून कोणाला सूट देऊ शकत नाही. पैसे दिले आणि नंबर नसला तर तो खर्च सीएसआर म्हणून धरलाच जात नाही, कंपनीच्या अंगावर येतो.

पण कंपनी स्वतःसुद्धा काम करू शकते! संस्थेला एक रुपया न देता सोलरवाल्याला, फर्निचरवाल्याला थेट बिल भरायचं. त्याला तुमचा सीएसआर-१ लागत नाही. प्रश्न उरतो मालकीचा, कारण सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती नोंदणीकृत सीएसआर नंबरवाल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर लागते. ग्रामपंचायत त्यात बसते. जागा पण त्यांचीच आहे ना? म्हणजे चहाटळ यांनी पहिल्याच दिवशी गमतीत जे सांगितलं ते यंदासाठी बरोबर उत्तर आहे.

चहाटळ | १० सप्टेंबर, सकाळी ११:२३

हे स्क्रीनशॉट काढून बायकोला दाखवतोय.

माणदेशी_मी | १० सप्टेंबर, रात्री ८:३०

ताई खूप आभार. पण खरं सांगू, ग्रामपंचायतीच्या नावावर म्हटलं की पोटात गोळा येतो. दोन वर्षांपूर्वी सत्ता बदलली तेव्हा अभ्यासिकेला कुलूप लागलं होतं तीन आठवडे, भरतीच्या तोंडावर. पोरं देवळाच्या ओट्यावर बसून अभ्यास करत होती, मोबाईलच्या टॉर्चवर.

सीएसआरवाली | १० सप्टेंबर, रात्री ९:१५

मग ग्रामसभेचा ठराव घ्या, मासिक सभेचा नको. सोलर आणि सामान अभ्यासिकेसाठीच, देखभाल वाचनालयाकडे, असं त्यात लिहून घ्या आणि कंपनी, ग्रामपंचायत, तुम्ही असा तिघांचा करार करा. आम्ही एका गावात असंच केलं, शंभर टक्के खात्री कोणी देत नाही पण कुलूप लावायच्या आधी माणूस दहा वेळा विचार करतो.

अजून एक, ‘वाचनालय बसतं का सीएसआरमध्ये’ असं कोणी म्हणालं तर कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये सार्वजनिक वाचनालयांचा नावानिशी उल्लेख आहे, कला-संस्कृतीच्या कलमात. अभ्यासिका शिक्षणात बसते. गणपती मंडळाची कमान नाही बसत, दर ऑगस्टला मला किमान वीस फोन येतात.

शिल्लक_शून्य | ११ सप्टेंबर, दुपारी १२:१०

ताई मग ग्रंथपालाचा पगार? माणदेशींना नंतर तेही लागेलच. सीएसआरमध्ये ५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही ना. आमच्या संस्थेला एका कंपनीनं हेच सांगून दोन मुलींचे पगार कापले, समुपदेशक होत्या त्या, कामच त्यांचं होतं.

सीएसआरवाली | ११ सप्टेंबर, दुपारी १:०५

हे मला कळवळून सांगायचंय आणि आमच्याच क्षेत्रातल्या लोकांना सांगायचंय. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. म्हणजे माझ्या पगाराला! संस्थेनं प्रकल्प राबवायला नेमलेल्या माणसाचा पगार त्यात येत नाही. कंपनी मंत्रालयानं २०२१ च्या प्रश्नोत्तरांत हे स्पष्ट केलंय. समुपदेशकाचा पगार म्हणजे प्रकल्पच. बजेट मांडताना ‘प्रशासन’ या मथळ्याखाली टाकू नका, ‘समुपदेशक, दोन, बारा महिने’ असं कामाच्या खाली लिहा.

शिल्लक_शून्य | ११ सप्टेंबर, दुपारी १:२२

वर्षभर आधी भेटला असतात तर. असो.

आता निघालाच आहे विषय तर माणदेशींना सावध करतो. कागद पूर्ण झाले की फोन सुरू होतात. एक ‘कन्सल्टंट’ आमच्याकडे आला होता, पन्नास लाख आणतो म्हणाला, १२ टक्के माझे, आणि पुढे सहज आवाज खाली करून, ‘चाळीस लाख कॅशनं परत द्यायचे, बिलं मी देतो’. आमचे अध्यक्ष शाळेत शिपाई होते आयुष्यभर. त्यांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, साहेब आमच्याकडे एवढी कॅश मोजायला माणूस नाही. असल्या माणसाला ८०जी असलेली जुनी, गरीब, गप्प संस्था हवी असते. आपण नेमके तसेच असतो.

गोठलेला_कोकणी | १२ सप्टेंबर, सकाळी ५:३०

उशिरा आलो, मी पण जर्सीतच. आतेभावाचा पासपोर्ट कुठला आहे? सगळं त्यावर आहे.

माणदेशी_मी | १२ सप्टेंबर, सकाळी ७:४५

मागच्याच वर्षी नागरिक झाला तिकडचा. वहिनीचा अजून भारतीय पासपोर्ट आहे. पण तो म्हणतो माझं साताऱ्यात बँक खातं आहे, रुपयांत देतो, मग काय प्रॉब्लेम?

गोठलेला_कोकणी | १२ सप्टेंबर, सकाळी ८:१०

तोच तर प्रॉब्लेम. भारतीय पासपोर्टवाला अनिवासी असला तरी स्वतःच्या बचतीतून, बँकेतून दिलेली देणगी ‘विदेशी’ धरत नाहीत. पासपोर्ट बदलला की तो माणूस विदेशी स्रोत. मग डॉलर असोत की साताऱ्याच्या खात्यातले रुपये, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असलं तरी काही फरक पडत नाही. आमच्या इकडे अर्ध्या लोकांना हे माहीत नाही, गावच्या देवळाला, शाळेला बिनधास्त पाठवतात आणि घेणारा अडकतो.

पायपीट | १२ सप्टेंबर, दुपारी ३:५०

एफसीआरएचं, म्हणजे विदेशी देणगी घ्यायला लागणाऱ्या नोंदणीचं, माझ्याकडून ऐका, पोळलेली आहे. त्या नोंदणीला संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. पहिलं खातं दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंत, पूर्वी ५० होता. दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत एफसी-४ (विदेशी पैशाचा वार्षिक हिशोब), एक पैसा आला नसला तरी.

आम्ही कधी स्वतः नोंदणी घेतली नव्हती. शहरातली एक मोठी संस्था विदेशी निधी घ्यायची आणि आमच्यासारख्या सात-आठ छोट्यांना वाटून द्यायची, हिशोब ती मोठी संस्था बघायची, आम्ही पाड्यावर काम करायचो. २०२० च्या सप्टेंबरात कायदा बदलला आणि एकानं घेतलेला विदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणंच बंद झालं. कोविडचं वर्ष, कुपोषणाची मुलं, आणि आम्ही नऊ जणांचे चार झालो. गैरवापर होत असेलही कुठे, मी नाही म्हणत नाही. पण सातपुड्यातल्या संस्थेनं १५ लाख खर्च दाखवायचा कुठून, जर त्या खर्चासाठीच पैसे हवे असतील.

माणदेशी_मी | १२ सप्टेंबर, रात्री ९:००

ताई 🙏 आमचा तीन वर्षांचा मिळून खर्च दोन लाख चाळीस हजार आहे. म्हणजे तो दरवाजाच नाही आमच्यासाठी.

भाऊ आता म्हणतो की आईला (माझी आत्या, इकडेच असते) पैसे पाठवतो, ती देईल.

हिशोबनीस | १२ सप्टेंबर, रात्री १०:३२

नको. आईला नातेवाईक म्हणून पाठवणं वेगळं, आणि संस्थेसाठीचे पैसे आईच्या खात्यातून फिरवणं वेगळं. दुसऱ्यात उद्या कोणी विचारलं तर आत्याबाईंना उत्तर द्यावं लागेल, तुमच्या भावाला नाही. वहिनींचं मात्र चालेल, स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या खात्यातून. पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा.

पावतीवरून आठवलं. वर्गणी डब्यात घेता का? निनावी देणग्या वर्षाला एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातलं जे जास्त असेल त्याच्या वर गेल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर. दहा रुपयांची का असेना, नाव-पत्ता लिहून पावती फाडा. ८०जी मिळालं की दरवर्षी ३१ मेपर्यंत १०बीडी (मिळालेल्या देणग्यांच्या विवरणाचा फॉर्म) भरायचा, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. २००० च्या वर रोखीनं घेतलंत तर देणाऱ्याला वजावट नाही.

निवृत्त_हेडमास्तर | १३ सप्टेंबर, सकाळी ९:२०

सरकारी अनुदानाच्या वाटेला जाणार असाल तर दर्पण (नीती आयोगाचं संस्थांसाठीचं पोर्टल) नोंदणी आजच करा, फुकट आहे. आणि केंद्राचं अनुदान आलं की वेगळं खातं ठेवा. आम्ही एकदा साक्षरतेचे पैसे बँकेत ठेवले, त्यावर व्याज साचलं, आम्ही मोठ्या कौतुकानं त्याच्या पाट्या आणि पेन्सिली आणल्या. उपयोगिता प्रमाणपत्राच्या वेळी कळलं की व्याजही सरकारचंच, परत करायचं. अकराशे साठ रुपये. शिक्षकांनी वर्गणी काढून भरले.

माणदेशी_मी | २४ सप्टेंबर, रात्री ११:१०

मंडळी, अपडेट देतो. काल घटाच्या दुसऱ्या माळेला ग्रामसभा झाली. ठराव झाला, विरोधी गटानं ‘वाचनालय’च्या पुढे ‘व ग्रामपंचायत’ घालायला लावलं, घातलं. कंपनीला थेट खरेदीचं पत्र दिलंय, साहेब म्हणाले बोर्डाला विचारतो. दर्पणचं काम सुरू केलंय. मृत्यूचे तीन दाखले मिळाले, चौथे काका पुण्यात वारले होते, त्यांचा मुलगा महापालिकेतून काढून देतोय. ताळेबंद तिन्ही वर्षांचे ऑनलाइन भरले.

अडलंय एका सहीवर. हयात असलेल्या तिघांतले एक अप्पा आता ८८ वर्षांचे, ठाण्याला मुलीकडे असतात. फोनवर ओळखलं नाही मला, पण वाचनालय म्हटल्यावर विचारलं, पहिलं कपाट अजून तेच आहे का, दार वाजतं का. रविवारी सभेच्या नोटिशीवर सही घ्यायला चाललोय. अजून काही नेऊ का सोबत?

हिशोबनीस | २४ सप्टेंबर, रात्री ११:३४

आधार-पॅनच्या झेरॉक्स तिथेच काढून घ्या, एकदाच त्रास. राजीनामा द्यायचा असेल तर तोही त्याच दिवशी, तारीख मोकळी सोडू नका. आणि स्टॅम्प पॅड न्या. हात थरथरत असला तर अंगठा घ्यावा लागेल, मग दोन साक्षीदारांच्या सह्या.

निवृत्त_हेडमास्तर | २५ सप्टेंबर, सकाळी ६:५५

आणि त्या कपाटाचा फोटो न्या.